भरदुपारच्या नियमावरून अडलेल्या शोभाताई

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, त्यांच्याच कामासाठी, सरकारी कचेरीच्या बाकावर ताटकळत बसलो होतो. आदल्या संध्याकाळी आम्ही भांडून वेगळे झालो होतो. आता ते भांडण कुणाशी पुरं करू?

अकोल्याच्या दवाखान्यात परिचारिका असताना त्यांनी उष्माघाताची माणसं डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती. निवृत्त झाल्यावर आम्हा मित्रमंडळींची मोट बांधून त्यांनी संघटना काढली. मागणी एकच... सरकारी कामांवर भरदुपारी मजुरांना राबवायचं नाही, असा नियम करा. मी वकील, म्हणून मसुदा माझ्या गळ्यात पडला. अमरावतीच्या कचेरीतल्या साहेबांनी चहाला बोलावलं, मसुद्याला मान डोलावली, आणि आम्ही हुरळलेल्या मेंढीसारखे त्यांच्या मागे लागलो. राहिली होती फक्त संघटनेची संमती, माझ्या सहीनं.

पण शोभाताईंची एक खोड होती. कुठल्याही बैठकीआधी कामावरच्या बायकांना भेटायचं. भांडणाच्या त्या संध्याकाळीही त्यांनी मूर्तिजापूरच्या रस्त्यावर गाडी थांबवायला लावली. गिट्टी वाहणाऱ्या कलाबाईनं नियम नीट ऐकून घेतला.

"दुपारी काम बंद, तं हजेरी अर्धीच लागन ना? ठेकेदार आतापासूनच तसं बोलून राहिला."

मसुद्यात मजुरीबद्दल अवाक्षर नव्हतं. शोभाताईंचा चेहरा उतरला. गाडीत बसल्याबसल्या त्या म्हणाल्या, "मागं घ्या तो कागद." मी चिडलो. हाती आलेलं सोडलं तर पुन्हा दारात कोण उभं करतं? आधी जीव वाचू देत, मजुरीचं पुढे बघू.

"वकीलसाहेब," त्या उसळल्या, "उन्हातून वाचवून उपाशी मारता काय त्याईले?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचलो तेव्हाही, सही करायची की नाही, माझंच ठरलेलं नव्हतं. फोन आला आणि मी तसाच परतलो.

परवा साहेबांचा निरोप आला. उन्हाळा तोंडावर आहे, आहे तशा मसुद्यावर सही करा, नाहीतर यंदा नियम विसरा. संघटनेतले उरलेले सगळे म्हणतात, करा. मला भीती वाटते. सही केली तर या बायकांच्या पोटावर पाय, नाही केली तर एखादी त्याच उन्हात कोसळायची.

काल साहेबांकडच्या बैठकीला निघालो, आणि शोभाताईंच्या सवयीनं गाडी त्या रस्त्यावर थांबवली. कलाबाईला कुणी कळवलंच नव्हतं.

"त्या बाई नाई आल्या?"

मी सांगितलं. तिनं घमेलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं.

"मंग आता आमच्या मजुरीचं कोन बोलन?"