तात्यांच्या शेडमधली ओली माणसं

तात्या मूर्तिकारांच्या स्टुडिओतून घरी आलं की सदऱ्यावरची माती झटकता यायची. किस्से मात्र अंगाला चिकटूनच राहायचे. तेव्हा मी वर्ध्याला मास्तर होतो. शाळा सुटली की पाय आपोआप तिकडे वळायचे. स्टुडिओ कसला, जिनिंगची जुनी टिनाची शेड! आत शिरलं की ओल्या मातीचा गारवा, उन्हाचे कवडसे आणि आढ्यावरून अजूनही तरंगत खाली येणारा कापूस. तिथं उगाचच हळू बोलावंसं वाटायचं.

*

त्या कापसानं एकदा घोटाळा केला. एका दिवंगत धान्यव्यापाऱ्याचा मातीचा पुतळा तयार झाला आणि कापूस नेमका मिशीवर चिकटला. काढणार, तेवढ्यात व्यापाऱ्याचा मुलगा हजर! बघता बघता त्याचे डोळे भरून आले.

"तात्याजी, फोटोत तं मिशी काळी हाये. शेवटी पिकली होती, हे तुमाले कोणं सांगितलं?"

तो जाईपर्यंत आम्ही दोघांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

*

वर्ध्याचा उन्हाळा! माती तडकू नये म्हणून तात्या पुतळ्यांना ओली फडकी गुंडाळायचे. एका पुतळ्याच्या डोक्याला फडकं बघून पोस्टमननं विचारलं, "याले ऊन लागलं काय?"

"हो ना! तीन दिवसांपासून बोलून नाई राह्यला!"

*

एकदा भर दुपारी गेलो, तर फडक्याखाली चार पुतळे. कालपर्यंत तीनच होते! चौथा बाकावर आडवा. हा कोण नवा, म्हणून मी फडक्यावरून हळूच नाक चाचपलं.

फडक्याखालून तात्यांचा आवाज आला, "दाबू नका मास्तर, ओलं हाये अजून!"

*

आणि श्रावणजींचा बुद्ध! श्रावणजी सेलूजवळच्या खेड्यातले म्हातारे शेतमजूर. छप्पनला त्यांच्या वस्तीनं दीक्षा घेतली, चौथरा बांधला. पुढच्या वैशाखी पुनवेला मूर्ती बसवायची होती. तात्यांचाही हा पहिलाच बुद्ध. श्रावणजी दोनदा आले आणि दोनदा मान हलवून गेले.

"डोये मिटले हायेत तात्याजी, पण आराम नाई दिसून राह्यला." दाराशी थांबून म्हणाले, "चौथरा रिकामा राह्यला तं गाव हासंन आमाले."

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसऱ्यांदा श्रावणजींची गाडी चुकली. बायको भागाबाईला घेऊन ते पायीच आले, तेही वैशाखाच्या उन्हात! मूर्तीसमोर मांडी घालून बसले, लोटाभर पाणी प्याले आणि काही बोलायच्या आत बसल्या बसल्या झोपी गेले. पाठ ताठच! भागाबाई उठवायला निघाली, तर तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हत्यार उचललं. दोन तास नजर श्रावणजींवर आणि हात मूर्तीच्या चेहऱ्यावर.

श्रावणजी जागे झाले ते ओशाळूनच. मग मूर्तीकडे बघत राहिले.

"आता जमलं," एवढंच म्हणाले.

पुनवेला आम्ही गावी गेलो. मूर्ती चौथऱ्यावर बसली होती. पडदा सरला आणि बँड दणाणला. सगळे हात जोडून उभे, श्रावणजीही. भागाबाई गर्दीतून पुढे आली. त्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि एकदम बँडवाल्यांवर खेकसली,

"हळू वाजवा रे बाप्पा! आत्ता कुठं डोया लागला!"