तीन कात्रणांवर ठरलेला वक्ता

परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा तेव्हा नवा होता आणि नव्या जिल्ह्याला सगळंच पहिलंवहिलं करून दाखवायचं होतं. व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने उद्योजक आणि संशोधकांचा पहिला मेळावा भरवायचं ठरवलं. वक्ता निवडायला चौघांची समिती केली आणि त्यात मला घेतलं. मी एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. बातमी मोठी यावी, हा हेतू उघड होता.

बैठक अध्यक्षांच्या डाळमिलमध्ये झाली. पुण्याच्या एका व्याख्यात्याचं नाव निघालं. अध्यक्ष म्हणाले, "तो इंटरनेटचं सांगल. इथं फोन लागायची बोंब." सगळे हसले. मग त्यांनी टेबलावर एक फाइल ठेवली. हट्टा गावच्या एका शेतकऱ्याने जुन्या टाकीचा बॉयलर करून वाफेवर हळद शिजवायचं यंत्र बनवलं होतं. कढईवर दिवस जातो ते काम थोड्या वेळात होतं, असं त्या फाइलमधल्या कात्रणांत छापलं होतं. कात्रणं तीन होती, तीन दैनिकांची. तीन पेपरवाले वेगवेगळे जाऊन बघून आले, आणखी काय पारखायचं, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं.

तिन्ही बातम्या माझ्या होत्या. आम्हा तिघा वार्ताहरांची तशी पद्धत होती. एकाने मजकूर लिहायचा, कार्बन लावून दोन प्रती काढायच्या, बाकीच्या दोघांनी मथळा बदलून आपापल्या कार्यालयाला फॅक्स करायच्या. हट्ट्याला आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. तिथल्या एका शिक्षकाने बसस्थानकावर सांगितलं, ते मी लिहिलं. 'यंत्र पूर्णपणे सुरक्षित आहे' हे वाक्य त्यानेही सांगितलेलं नव्हतं. बातमी एका ओळीने कमी पडत होती. बैठकीत मी यातलं काही बोललो नाही. वक्ता एकमताने ठरला.

निमंत्रण घेऊन मी हट्ट्याला गेलो. यंत्र गोठ्याच्या मागे होतं. त्या माणसाने टाकीच्या माथ्यावरची झडप बोटाने उचलून दाखवली. वाफ वाढली की ती आपोआप उघडायला हवी. कधी उघडते, कधी अडकते. म्हणून तो स्वतः जवळ बसून राहतो आणि टाकीचा आवाज बदलला की खालचा जाळ ओढून काढतो. त्याची बायको भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "जाळ लागला की मी लेकरं घेऊन शेजारी जाते."

तो हसला नाही. "तुमी छापलं तवापासून लोक बघाया येऊन राहिले, साहेब. आता हे बी छापा. झडप बराबर होईस्तोवर कुणी असं यंत्र करू नका म्हणून."

तसं छापायचं तर आधीची बातमी चुकली, असं तीन कार्यालयांना कळवावं लागलं असतं. मी म्हणालो, मेळाव्यात तुम्हीच सांगा, तुमचं भाषण म्हणून छापू. त्याला ते पटलं. तेवढ्यासाठीच तो यायला तयार झाला.

मेळाव्याचे उद्घाटक वेळेवर आले नाहीत, म्हणून उद्घाटनाआधीच त्याला बोलायला उभं केलं. त्याने फळ्यावर आकृती काढायला घेतली. आधी टाकी, मग नळ्या, मग हळदीचे ड्रम. ज्या क्रमाने जोडलं त्याच क्रमाने तो सांगत होता आणि झडप त्याने सगळ्यात शेवटी बसवली होती. पुढच्या रांगेत कळमनुरीकडचा एक शेतकरी वहीत आकृती उतरवून घेत होता. पत्रा किती जाडीचा, हे त्याने दोनदा विचारलं.

"आता शेवटची गोष्ट," वक्ता म्हणाला आणि त्याने खडू बदलला.

तेवढ्यात बाहेर गाड्या लागल्या. अध्यक्षांनी माईक हातात घेऊन उद्घाटक आल्याचं जाहीर केलं. सभागृह उठून उभं राहिलं. फळा बाजूला ओढला गेला, समई पुढे आली, शाली आणि नारळ आले. पाहुणा आला की चालू भाषण थांबतं आणि पुन्हा सुरू होत नाही, याचं आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. वक्ता खडू घेऊन व्यासपीठाच्या कडेला उभा राहिला. मी दाराजवळ होतो. कळमनुरीचा शेतकरी वही पिशवीत घालून माझ्या अंगावरूनच बाहेर पडला. त्याला बस गाठायची होती. व्यासपीठावरून वक्ता माझ्याकडे बघत होता. मी उद्घाटकांचं वाक्य टिपून घेत होतो.

सत्कार संपल्यावर तो फाटकाशी थांबून जाणाऱ्या प्रत्येकाला झडपेचं सांगत राहिला. ज्याला सांगायला हवं होतं तो निघून गेला होता. माझ्या बातमीत झडप आली नाही. व्यासपीठावरून जे बोललं गेलं नाही ते भाषणात घालता येत नाही, असा नियम मी स्वतःला सांगितला.

हळद शिजवायच्या दिवसांत सरकारी दवाखान्यातून निरोप आला. टाकी फुटून एक शेतकरी भाजला होता. तोंडाला पट्ट्या होत्या, मी ओळखलं नाही. उशाशी बसलेल्या भावाने यंत्र कशावरून केलं ते दाखवायला पिशवीतून वही काढली. आकृती हुबेहूब होती. टाकीचा माथा कोरा होता.

"एक डोळा गेला म्हणतेत," भाऊ म्हणाला. "दुसऱ्याचं उद्या सांगतेत."

मी बातमी लिहिली. घरगुती बॉयलर फुटून शेतकरी जखमी, एवढीच. मेळाव्याचा उल्लेख नव्हता. संध्याकाळी बाकीचे दोघे आले आणि नेहमीप्रमाणे कार्बनच्या प्रती घेऊन गेले.

आठवड्याने हट्ट्याहून माझ्या नावाचं पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. तीन दैनिकांची तीन कात्रणं होती, मजकूर तिन्हींत एकच. त्याने तिन्हींत तीच जागा पेनाने अधोरेखित केली होती: 'स्फोटाचे कारण समजू शकले नाही.'