गिऱ्हाइकाची इटालियन

मी बी.ए. झाले त्या वर्षी, नव्वदीच्या सुरुवातीला, अप्पांनी आमचं कुंभकोणमचं समयांचं दुकान एका स्टीलच्या भांडेवाल्याला विकायचं मनात घेतलं. माझा भाऊ मद्रासला नोकरीला. "चालवाला कोण आहे?" असं अप्पा आमच्या तमिळ मुलखातल्या मराठीत म्हणायचे, आणि मी तिथंच समया चिंचेनं घासत उभी! अस्सा राग यायचा.

कुंभकोणमची देवळं बघायला परदेशी लोक यायचे, त्यांत इटालियनही असत. मी बस स्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून प्रवाशांसाठीची इटालियन वाक्यांची पुस्तिका आणली आणि त्यातलं 'दुकानात' हे प्रकरण घोकून काढलं.

एका सकाळी पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक इटालियन बाई आल्या. बोहनीचं गिऱ्हाईक आमच्याकडे रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. अप्पा त्यासाठी तोटासुद्धा सोसत. बाईंनी जवळच्या नाचियार्कोविल गावात ओतलेली हंसाची समई उचलली. मी ऐटीत विचारलं, "क्वान्तो कोस्ता?" म्हणजे, केवढ्याला? त्या गोंधळल्या. समईला लावलेली किमतीची चिठ्ठी त्यांनी मलाच दाखवली. "त्रोप्पो कारो!" मी ठणकावलं. फारच महाग!

बाई हसत हसत स्टुलावर बसल्या. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, अगं, हे गिऱ्हाइकानं बोलायचं! पुस्तिका प्रवाशांची, विकणाऱ्याचं एकही वाक्य तिच्यात नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झाला प्रकार सांगितल्यावर गल्ल्यावर बसलेल्या अप्पांनी कपाळाला हात लावला. "अय्यो! बोणीच्या वेळी आपलाच माल महाग मणालीस?"

बाई मात्र उठल्या, गल्ल्यामागे अप्पांशेजारी जाऊन बसल्या आणि मला बाहेर उभं केलं. आता त्या दुकानदार, मी गिऱ्हाईक. मी महाग महाग म्हणायचं, त्यांनी समईची थोरवी गायची. थोड्या वेळानं अप्पांनाच राहवेना. हंसाची मान कशी ओततात, ती नीट साधायला किती जीव जाळावा लागतो, हे ते हातवारे करून सांगू लागले, अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये. आई गेल्यापासून ते एवढं बोलले नव्हते. बाईंनी समई घेतली आणि जाण्याआधी विकणाऱ्याची चार वाक्यं मला शिकवली.

संध्याकाळी भांडेवाला अप्पांचा शब्द घ्यायला आला. अप्पांनी त्याला कॉफी पाजली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला काय विचारता? दुकान हिचं आहे. हिला विचारा."

तो माझ्याकडे वळला. मी स्वच्छ तमिळमध्ये नाही म्हटलं.