बैलाकडून आणलेलं विरजण

आमच्या आळीत गाय उरली होती ती फक्त आमच्याकडे. बाकीच्या घरांचे गोठे एव्हाना लाकडं आणि सायकली ठेवायच्या खोल्या झाले होते. त्यामुळे पितृपक्षात सगळ्यांचे गोग्रास आमच्याच परसदारी यायचे.

मी तेव्हा नववीत होते, इंग्रजी शाळेत. संध्याकाळी पुस्तक घेऊन गोठ्याच्या पायरीवर बसायचे. माणसांसारखं गाय काही विचारायची नाही, हे बरं वाटायचं. तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसायचा, मग जबडा आडवा फिरत राहायचा, मग गोळा परत खाली. त्या संथ आवाजात माझा अभ्यास व्हायचा. आता हॉस्टेलच्या खोलीत पंख्याच्या आवाजात वाचताना तो आवाज नसल्याचं जाणवतं. तिच्या पोटाचे चार कप्पे मी शाळेच्या वहीत चार रंगांनी रंगवले होते आणि त्यांची लांबलचक नावं घडाघडा म्हणून दाखवली होती.

सर्वपित्री अमावास्येला आई स्वयंपाकात अडकलेली होती, म्हणून गोग्रासाची पानं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. आईने बजावलं होतं, "प्रत्येक पानातला एकच घास तिला दे. बाकीचं माडाच्या बुंध्याशी पुरून टाक."

पण पान घेऊन आलेल्या बायका हलेनात.

"देत्येस ना गो? खाल्लंन की मग जात्ये मी," शेजारच्या काकी म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे दुसऱ्या, त्यांच्यामागे तिसऱ्या. गाईने पान चाटूनपुसून साफ केलं तरच पितर जेवले, हे सगळ्यांना माहीत होतं. "पुरे" हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच राहिला. भात, वडे, खीर. गाय आनंदाने खात होती. संध्याकाळी एका घरून उरलेल्या भाताचं पातेलंच आलं. तेही मी पुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय मान खाली घालून उभी होती. डावी कूस गच्च भरलेली. शेण पातळ, आंबूस वासाचं. रवंथ बंद. काकींनी दृष्ट लागल्याचं सांगितलं, म्हणून आईने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. बाबा सायकल काढून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर कोल्हापूरकडचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी गाईच्या कुशीवर मूठ दाबली आणि पिठाच्या गोळ्यावर उठावी तशी खूण उठली.

"काय खाल्लंय हिनं?"

"नेहमीचंच," बाबा म्हणाले. "पेंढा, गवत. काल श्राद्धाचे चार घास."

"चार घासांनी असं होत नसतंय साहेब. नीट सांगा, त्यावर औषध ठरणार. नाहीतर संध्याकाळपर्यंत बसेल ती, आणि बसली तर उठायची नाही."

मी खांबाला टेकून उभी होते. सांगितलं तर आईचं ऐकलं नाही हे उघड होणार, आणि आळीतल्या सगळ्या बायकांची नावं निघणार. गाईने एकदा दात करकरा वाजवले. दुखलं की गुरं तसं करतात, हे मला ठाऊक होतं.

"सतरा पानं," मी म्हटलं. "आणि एक पातेलं भात."

"सतरा?" आई ओरडली. "अगो, एकेक घास सांगितला होता ना तुला!"

"त्या उभ्या होत्या."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "बेस झालं सांगितलंस. गवत गाय स्वतः पचवत नाही बघ. पोटातले जंतू पचवतात, ती नुसती त्यांना सांभाळते. एकदम एवढा भात पडला, सगळं आंबलं, त्या आंबटात जंतूच मेले. आता नवं विरजण पाहिजे."

त्यांनी खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला आणि मला एक तांब्या देऊन खालच्या वाडीत पिटाळलं. तिथल्या एका शेतकरीण बाईंकडे बैलजोडी होती. अनोळखी दारात जाऊन काही मागायचं, आणि तेही असलं! वाटभर मी वाक्य जुळवत होते.

"बैलाच्या तोंडातला रवंथ हवाय थोडा," मी एका दमात म्हणून टाकलं.

बाईंनी पदर तोंडाला लावला. "साकर उसनी न्हेतात, मीठ न्हेतात. रवंथ उसना मागनारी तूच पयली गो बाय!"

पण कारण कळल्यावर त्या लगेच उठल्या. बैल निवांत बसला होता. त्याच्या गळ्यातून गोळा वर आला, त्याबरोबर त्यांनी जबड्यात हात घालून तो काढला आणि तांब्यात टाकला. तसे चार-पाच. हिरवे, गरम, घाण वासाचे. "सांडू नको हां. आमच्या बैलाच्या घासावर जगूदे तुमची गाय."

मी तांब्या पोटाशी धरून चढण चढले. डॉक्टरांनी गोळे कोमट पाण्यात कुस्करले, गाळले आणि बांबूच्या नळीने गाईला पाजले.

त्या दिवशी शाळा बुडाली. दुपार सरली, गाय तशीच उभी. बाबा दोनदा येऊन कुशीला कान लावून गेले. दिवेलागणीच्या सुमारास तिने एक आंबट, लांबलचक ढेकर दिली. थोड्या वेळाने गळ्यातून काहीतरी वर सरकलं, आणि जबडा एकदा फिरला. मग थांबला. मग परत फिरला.

आई केव्हा येऊन पायरीवर बसली ते कळलं नाही.

"सतरा कोणाकोणाची गो?" तिने विचारलं.

मी एकेक घर सांगायला लागले.

"तिचा भात कायम आसट, मऊ गिच्च," आई मध्येच म्हणाली. "आणि तिची खीर? नुसतं दूधपाणी. ती मेली पचली असेल बिचारीला."

मला हसू आलं. आईलाही आलं. गाय रवंथ करत होती, आणि मी पुढचं घर सांगितलं.