नळीत चढलेला पाक

कुठलीही वस्तू हातात आली की मास्तर ती आधी उजेडासमोर धरत. भिजून फुगलेला बेदाणा, मिठात सुकलेली काकडीची फोड, परसातलं अळूचं पान, काहीही. एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "वाट असते, वहिनी. आपल्याला दिसत नाही इतकंच." तोवर माझं पिठलं चुलीवर करपलेलं असे.

ठाण्यातल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांना भाड्याने दिलेली होती. इंग्रजी शाळेत ते शास्त्र शिकवत, एकटेच राहत. उद्याचा धडा आज मोठ्याने म्हणून बघायची त्यांची सवय होती, आणि मधल्या भिंतीला लागून माझा पाटा होता. सुनेला वाटणाला एवढा वेळ का लागतो, हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्याही शेजारी असा कोणी राहत असेल तर सांगून ठेवते, ज्ञान फुकट मिळतं, पण काकड्या जातात.

माझ्या गेल्याच. व्याही जेवायला यायचे होते. मास्तर म्हणाले, कोशिंबिरीला मीठ सकाळीच लावून ठेवा आणि गंमत बघा. मी कसली शहाणी, लावलं. पानावर वाढेपर्यंत तिची आमटी झाली होती. मास्तर खूश. "पाणी कोणी घातलं? कोणीच नाही. मीठ बाहेर होतं, म्हणून आतलं पाणी आपण होऊन बाहेर आलं." मी दाराआडून म्हटलं, मग आता त्याला आपण होऊन आत जायला सांगा.

पुढे त्यांच्या खोलीतून वास यायला लागला. आळीत कुजबुज सुरू झाली की मास्तर चेटूक करतात. सासूबाईंनी बजावलं, आत काय चालतं ते ओसरीवर सगळ्यांदेखत दाखवा, नाहीतर खोली सोडा. एकट्या माणसाला आमच्या आळीत दुसरी खोली कोण देणार? आणि माझी भिंतीआडची शाळा?

मास्तरांनी काचेच्या नरसाळ्याचं तोंड पातळ कातड्याने बांधलं, आत कुंकू घालून लाल केलेला साखरेचा पाक भरला आणि नरसाळं पाण्याच्या घंगाळात उलटं ठेवलं. वर लांब काचेची नळी, खांबाला टेकवलेली. कातडं कशाचं ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं. दाराआडून विनवलं होतं, कोणी विचारलं तर कागद म्हणा. तसला कागदही असतो, त्यांच्याच धड्यात होतं. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

पाक चढू लागला, पण इतका रेंगाळत की जीव नकोसा झाला. धडे ऐकून पंडित झालेली मी! घंगाळात पाणी घालायच्या निमित्ताने, खालून कोणी फुंकतंय का ते बघून आले. सासूबाई तांदूळ निवडता निवडता बघत होत्या. "पाणी या पातळ पडद्यातून आत शिरतं, काकू," मास्तर सांगत होते, "पण साखरेला तितक्या सहज बाहेर येता येत नाही." शेवटी नळीच्या तोंडातून लाल थेंब ओसंडला आणि खांबावरून ओघळला. सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिलाच नव्हता. खोली वाचली होती.

"पडदा कसला हो हा?" त्यांनी सहज विचारलं.

मी दाराची कडी वाजवली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे.

"बोकडाच्या मूत्राशयाचा, काकू. स्वच्छ धुतलाय."

अहो, कागद म्हणायला काय जात होतं? इतकी वर्षं झाली, अजून माझं डोकं फिरतं.

दिवेलागणीच्या आत खोली रिकामी झाली. ते कल्याणला गेले, एवढंच कळलं. सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, ओसरी सारवली, घंगाळ चिंचेने घासघासून घासलं. खांबावरच्या मुंग्या मात्र हटेनात.

भिंतीपलीकडे आता आवाज नव्हता. माझं वाटण भराभर व्हायला लागलं. एका दुपारी सासूबाई त्या खांबापाशी उभ्या दिसल्या, मान वर करून, नळीचं तोंड जिथे होतं तिथे बघत.

"अगं, नळी आणखी उंच असती, तर कुठवर चढलं असतं ते?"

तो धडा भिंतीतून अजून यायचा होता. मला ठाऊक नाही, म्हटलं.

"मग विचारून ठेवायचं नाही का?" त्या माझ्यावरच खेकसल्या, जसं काही मास्तरांना मीच घालवलं होतं.