शिक्का मारणारा

आमच्या कंपनीची बस पहाटे शारजातल्या अल नहदाहून सुटायची आणि जबल अलीच्या गोदामाशी पोहोचेपर्यंत बहमनी राज्य उभं राहून कोसळलेलं असायचं. सांगणारा माझ्या शेजारी बसायचा. तो उदगीरचा, गोदामाचा स्टोअर-इनचार्ज. मी त्याचा कारकून.

"दौलताबादेत बंड झालं, गुलबर्ग्याला गादी बसली, मग बिदर. आणि एवढं राज्य बुडालं कशानं, राव? कोऱ्या कागदावरच्या शिक्क्यानं!"

वजीर इराणातून आलेला. "आपल्यासारखाच परमुलखात." जळक्या दरबाऱ्यांनी त्याच्या शिक्केवाल्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि वर फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतानानं चौकशीशिवाय वजिराची मान उडवली. पुढे एका राज्याची पाच झाली.

"शिक्केवाल्याचं काय झालं?" मी विचारलं होतं.

"त्याचं कोण लिहितं? बखरी राजांच्या असतात."

तो यार्डात गेला की त्याचा शिक्का माझ्याकडे असे. "कोऱ्यावर मारू नको रे," तो बजावायचा. पण ट्रक खोळंबले की ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत डोकं खायचे, म्हणून मी कोऱ्या गेटपासवर आधीच शिक्के मारून ठेवायचो. त्यातला एक कुणीतरी उचलला. त्यावर माल चोरून बाहेर गेला.

मॅनेजरनं दोघांना उभं केलं. मला विचारलं, "मुहर इसी की है ना?"

"हाँ सर."

मारली कुणी, हे त्यानं विचारलं नाही. माझा व्हिसा, मुलीची शाळा डोळ्यांपुढे आली. मी सांगितलं नाही. इनचार्जनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यानंही माझं नाव घेतलं नाही. आठवड्यात त्याला परत पाठवलं.

त्यानंतर मी पंधरा वर्षं त्याच बसनं गेलो. शेजारी कुणी ना कुणी बसायचं, डुलक्या घ्यायचं. रस्ता फार लांब वाटायचा.

गेल्या महिन्यात धीर करून उदगीरला फोन लावला. त्याची मुलगी म्हणाली, "काका, बाबा आता कुणाला ओळखत नाहीत." तरी तिनं फोन त्याच्या कानाला लावला.

"बसलात का, राव? कुठवर आलो होतो आपण?" तोच आवाज.

"शिक्क्यापर्यंत," मी म्हणालो. "तो शिक्का मी मारला होता."

तो खदखदून हसला. "तुम्ही कसे माराल? पाचशे वर्षं झाली त्याला!"

मग त्यानं पुन्हा दौलताबादेपासून सुरुवात केली. मी शेवटपर्यंत ऐकलं. त्याला सांगायला मला उशीर झाला. आता निदान त्याच्या मुलीला वाचता यावं म्हणून हे लिहिलं आहे.