घरामागचा ऊस

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला अंगावर दूध ओढायचीही ताकद नव्हती. चमच्याने पाजायचं; अर्धी वाटी संपायला तास जायचा. शेळगावच्या आमच्या घरात सगळ्यांना तेव्हा एकच वाटायचं, पोरीनं चार घास खावेत. तिसऱ्या वर्षी ती मागून खायला लागली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी गल्लीत पेढे वाटले. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं.

मग तिचं खाणं थांबेचना. एकदा मी पाणी भरून आत आले तर ती डब्यात हात घालून ज्वारीचं कोरडं पीठ खात होती. बारामतीच्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला पाठवलं. तिथं रक्त तपासलं आणि कळलं की हा जन्मापासूनचा, गुणसूत्रातला दोष आहे. पोट भरल्याचा निरोप हिच्या मेंदूला पोचतच नाही. औषधाने ही भूक जाणार नव्हती. खाणं मोजून, ठरल्या वेळी द्यायचं, एरवी तिच्या नजरेला पडू द्यायचं नाही आणि स्वयंपाकघराला कुलूप लावायचं, असं सांगितलं.

आबा भडकले. "लेकराच्या तोंडापुढं कुलूप? माझ्या घरात हे व्हायचं न्हाय."

ते तिला चोरून बिस्किटं द्यायचे. वजन वाढत गेलं. मी भांडले नाही, पुढच्या खेपेला त्यांनाच बारामतीला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आबा, उपास करता का?"

"एकादशीला करतो की."

"संध्याकाळी पोटात कसं होतं?"

"आग पडती नुसती."

"हिला जेवून उठल्यावर तसं होतं. रोज."

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या बाजारातून त्यांनी स्वतः कुलूप आणलं. एक किल्ली मला दिली, दुसरी आपल्या करगोट्याला बांधली.

मला वाटलं होतं, पोरगी दारावर डोकं आपटेल. पहिले काही दिवस तिनं ते केलंही. पण नंतर ती निवली. आधी दिवसभर चुलीभोवती घुटमळणारी पोर आता मलाच विचारायची, "आई, कुलूप लावलं का?" मी हो म्हटलं की खेळायला जायची. जेवण साडेबाराला मिळणार, आधी नाही आणि नंतर नाही, हे एकदा पक्कं कळल्यावर तिच्या जिवाला जरा विसावा मिळाला असावा.

पण आमच्या घराच्या मागच्या भिंतीपासून हातभरावर ऊस सुरू व्हायचा. त्याचा विचार कुणीच केला नव्हता.

ती पाच वर्षांची असताना एका दुपारी दिसेनाशी झाली. मी विहिरीकडे धावले, तिचे वडील रस्त्याकडे. आबा उसात शिरले आणि चावण्याच्या आवाजावरून त्यांनी तिला शोधलं. ओठ, बोटं पाचटानं चिरलेली, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, तरी ती रडत नव्हती. अशा मुलांना दुखणंही कमी जाणवतं, हे आम्हाला सांगितलेलं होतं. बारामतीच्या दवाखान्यात तीन दिवस काढले तेव्हा ती वाचली.

घरी आल्यावर आबा मागच्या दारात उभे राहिले. "दाराला कुलूप लावता येतंय. शेताला कसं लावायचं?"

ऊसतोड झाल्यावर त्यांनी घरामागच्या अर्ध्या एकरात बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा ठेवलाच नाही. माझे मालक म्हणाले, "आबा, पाणी असताना ऊस मोडता?"

"मोडतोय."

ज्या माणसानं उभा जन्म उसात काढला, कांडं हातात घेऊन जात सांगावी, त्यानं तिथं जनावरांना लसूणघास लावला. गावात लोक हसले. आबांनी कुणाला कारण सांगितलं नाही. चहाबरोबरची खारीही त्यांनी तेव्हापासून सोडली.

आज ती नऊ वर्षांची आहे. वजनाबद्दल डॉक्टर समाधानी आहेत. सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. रागाच्या भरात ती स्वतःचं मनगट चावते. शाळेत एकदा तिनं दुसऱ्या एका मुलीचा डबा संपवला आणि मी त्या मुलीच्या आईपुढं मान खाली घालून उभी राहिले. पण भूक अनावर झाली की आता ती माझ्याजवळ येऊन म्हणते, "मला धर." मी धरून ठेवते. नऊ वर्षांच्या जिवानं एवढं सोसावं आणि वर ते सांगावंही, याचं मला रोज नवल वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात लोणी भापकरला नात्यातलं लग्न होतं. पंगती बसायच्या आधीच आबा तिला घेऊन मांडवाबाहेर, झाडाखाली लावलेल्या गाडीत जाऊन बसले. मी तिथं गेले तेव्हा दोघांनी तिच्या डब्यातली भाजी-भाकरी अर्धी अर्धी खाल्ली होती. जिलेबीचा वास तिथपर्यंत येत होता. नवरीचे वडील बोलवायला आले, "आबा, चला, पान मांडलंय."

"आमचं झालंय," आबा म्हणाले.

ते गेल्यावर पोरीनं विचारलं, "आबा, तुमाला अजून भूक हाय?"

"हाय की गं."

"मलाबी हाय." तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "चार वाजता काकडी हाय. तुमाला पण देईन."

आबांनी मान डोलावली आणि खिडकीची काच वर केली.